सरळ गेलेला किरण

फळ्यावर किरण तुटक उमटला. शैलजाने तो सलग ओढला होता. दहावीचा वर्ग, अंतर्गोल आरसा, मेणबत्तीच्या टोकाकडून निघून आरशावर आदळणारा पहिला किरण. वीस-बावीस वर्षं ती हा किरण ओढत आली होती आणि तो ओढताना तिचं लक्ष बहुतेक वेळा तिसऱ्या बाकावरच्या चुळबुळीकडे असायचं. तुटक रेघ काढणं तर तिच्या हातचा मळ. खडू उलट्या कलाने धरायचा, फळ्यावर थोडा दाबून पुढे ढकलायचा, की तो टर्रर्र करत आपोआप उड्या मारत जातो आणि मागे एकसारख्या ठिपक्यांची रांग सोडतो. दरवर्षी नवा वर्ग ते पहिल्यांदा पाहायचा आणि तोंडाचा आ करून बसायचा, आणि दरवर्षी शैलजा काही विशेष घडलंच नाही अशा चेहऱ्याने हातावरची धूळ झटकायची. पण ती रेघ आरशाच्या मागची, जिथे प्रकाश कधी पोचतच नाही तिथली. आरशापुढचा किरण खरा, तो सलगच यायला हवा. आज तोच टर्रर्र करत आला. पहिल्या बाकावरची कावेरी, जिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नसे, म्हणाली, "बाई, हा किरण खरा आहे ना? मग आभासी किरणासारखा तुटक कशाला काढला?" शैलजा म्हणाली, "बघत होते, वर्गात जागं कोण आहे ते." मुलं हसली, कावेरी फुलली. शैलजाने डस्टर फिरवलं आणि दुसऱ्यांदा ओढताना खडू इतका दाबला की त्याचे दोन तुकडे झाले. रेघ मात्र सलग आली. उरलेल्या तासात तिने एकही आकृती काढली नाही, नुसती बोलत राहिली.

हाताचं काहीतरी बिनसलंय हे तिला दिवाळीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कबूल असणं वेगळं. तिने स्वतःला कारणं पुरवली होती. झोप कमी झाली, पेपर जास्त तपासले, थंडी आहे, चहा फार होतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची सवय तिने अशी लावून घेतली, की बघणाऱ्याला वाटावं बाईंना ऊब घ्यायला आवडते. मे महिन्यातसुद्धा. डॉक्टरकडे जायचं म्हणजे वापीला जायचं, आणि वापीला एकटं कशाला जातेस असं सुधाकर विचारणार, म्हणून ते राहिलंच. सुधाकर तिचा नवरा, कलेक्टर कचेरीत, फायलींच्या बाबतीत घाई न करणारा आणि घरातही तसाच. लग्न होऊन ती गुहागरहून सिल्वासात आली तेव्हा इथे संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे. मग कर माफ झाले आणि कारखाने आले, कारखान्यांमागून धुळ्या-जळगावची माणसं आली, त्यांची मुलं शाळेत आली, आणि मराठी माध्यमाच्या त्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी शैलजाबाई आपल्या आकृत्यांसाठी नावाजली गेली. तपासणीला आलेले साहेब फळ्यासमोर उभे राहून विचारायचे, पट्टी कुठे ठेवलीत? पट्टी वर्गात नसायचीच. बाईंना या गोष्टीचा गर्व होता आणि तो त्या नम्रतेच्या पदराखाली फार चांगला झाकत.

त्याच आठवड्यात नारायणसरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तिला खोलीत बोलावलं. नारायणसर इतिहासाचे माणूस, विज्ञानाला लांबूनच नमस्कार करणारे. म्हणाले, "बाई, आपल्या मुलांसाठी प्रात्यक्षिकांची पुस्तिका छापायला मंजुरी आलीय. मजकूर तुम्ही आणि अलकाताई मिळून लिहा. आकृत्यांचं काय, ते विचारायचंसुद्धा कारण नाही. तुमच्याशिवाय दुसरं कोण?" शैलजा "हो" म्हणून गेली. हो म्हणताना तिने उजवा हात साडीच्या निऱ्यांत लपवला होता. घरी येऊन तिने ट्रेसिंगचा कागद आणला, शाईचं बारीक टोकाचं पेन आणलं, पट्टी लावली. पट्टीच्या कडेनेसुद्धा रेघ मुंग्यांच्या ओळीसारखी आली, कारण हलत होतं पेन, आणि पट्टी धरणारा हात दुसऱ्याला सांभाळता सांभाळता तोही सरकत होता. पाच-सहा कागद तिने पाण्याच्या बंबात घातले. जळताना ते बघून तिला रडू आलं, आणि आपण पुस्तिकेसाठी रडत नाही आहोत हेही तिला कळलं. या आकृत्या तिच्या जोडीच्या विज्ञानशिक्षिकेने, अलकाने, काढल्या असत्या, कुणीही काढल्या असत्या, पुस्तिका काही अडून राहिली नसती. पण ज्या दिवशी दुसऱ्याने काढल्या त्या दिवशी बाईंकडे काय उरणार होतं? बोलणं? बोलायला तर नारायणसरही बोलतात.

किलवणी नाक्यावर भाजी घेताना रोहिणी भेटली. चार वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, अमळनेरकडची, वडील धाग्याच्या कारखान्यात. भौतिकशास्त्र म्हणजे तिच्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी; शैलजाने हे शब्द तिच्या प्रगतिपुस्तकात लिहायचे तेवढे बाकी ठेवले होते. ती आता मसाटला एका पॅकिंग छापणाऱ्या कंपनीत कामाला होती. "बाई, मी कम्प्युटरवर चित्रं काढते," ती म्हणाली. "तेलाच्या पुडीवरचं जास्वंद, फरसाणच्या पिशवीवरचा मोर. सगळं मीच. कोरल नावाचं सॉफ्टवेअर ऱ्हातं ना, त्यात." शैलजाने सहज विचारावं तसं विचारलं की त्यात सरळ रेघ येते का. रोहिणीला हसू आलं. "सरळच येते, बाई. वाकडी काढायलाच मेहनत लागते." घरी जाईपर्यंत शैलजाच्या कानात ते वाक्य घुमत राहिलं. हातातली पिशवी जड होती, आणि जड पिशवी धरलेला हात हलत नाही हे तेव्हाच पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं.

कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मसाटला गेली. छापखान्यात शाईचा आणि थिनरचा वास इतका की डोळे चुरचुरावेत, पण कम्प्युटरची खोली वेगळी, काचेची, थंडगार. दाराशी चपला काढायच्या होत्या. रोहिणीने आपल्या चपला देवळाबाहेर काढाव्यात तशा नीट जोडून ठेवल्या, आणि शैलजाने, जी देवळातही फारशी जात नसे, आपल्याही तशाच जोडल्या. "शेठला विचारून ठेवलंय मी," रोहिणी म्हणाली. "तो बोलला, टीचरबेन छे, बेसवा दे, म्हंजे बसू दे बाईंना. त्याला काय, मशीन बंदच ऱ्हातं आज." तिने खुर्ची पुढे ओढली आणि माऊस शैलजाच्या हातात दिला. पडद्यावरचा बाण लगेच थरथरायला लागला. रोहिणी म्हणाली, "नव्या माणसाचं असंच होतं, काय बी नाही. इथं एकदा दाबा, सोडून द्या. आता जिथं न्यायची तिथं चला. कसंही जा, वाकडंतिकडं जा. हां. डाव्या हातानं हे कंट्रोल धरून ठेवा. आता परत एकदा दाबा."

रेघ आली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात, जणू ती तिथे आधीच होती आणि वरचं फडकं कुणी काढलं. शैलजा खुर्चीत मागे टेकली. रोहिणीने भिंग दाखवणारं बटण दाबून ती रेघ मोठी केली, आणखी मोठी केली, एवढी मोठी की सगळ्या पडद्यावर तिचा बोटभर तुकडाच उरला, आणि तरी तिच्या कडेवर एक दात नव्हता. फळ्यावरच्या रेघेला जवळ गेलं की खडूचे कण दिसतात, शाईच्या रेघेला जवळ गेलं की कागदाचे धागे दिसतात. हिच्या जितकं जवळ जावं तितकी ही रेघच. युक्लिडची रेघ म्हणून मुलांना सांगायचं, जिला लांबी आहे, रुंदी नाही, आणि सांगताना खडूची जाडजूड रेघ काढायची. आज इतक्या वर्षांनी ती सांगितलेली गोष्ट तिच्यासमोर निळसर उजेडात पडून होती. आणि चूक झाली तर? रोहिणीने दोन बटणं एकदम दाबली आणि रेघ गेली. पुसल्याची खूण नाही, भुकटी नाही. "अन्डू," रोहिणी म्हणाली. "काही झालंच नाही असं समजायचं." शैलजाला भीती वाटली आणि तिच्या अंगावर काटाही आला. झालेली गोष्ट झालीच नाही असं करणारं बटण जगात कुठे असतं का? तिने पुन्हा रेघ काढली, पुन्हा घालवली, पुन्हा काढली. मोठं माणूस असं करत नाही. तिने ते बराच वेळ केलं.

त्या दिवशी परतताना रिक्षात तिला रत्नागिरीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. काळोखी खोली, लांबट लाकडी बाक, भिंगाच्या एका बाजूला टाचणी. तिची प्रतिमा दुसऱ्या बाजूला पडते, असं सरांनी सांगितलं होतं. कशावर पडते? कशावरच नाही. नुसत्या हवेत. दुसरी टाचणी घेऊन ती जागा शोधायची, डोकं डावीउजवीकडे हलवायचं. जोवर टाचणी आणि प्रतिमा एकमेकींपासून सरकतात तोवर जागा चुकलेली. शैलजा सगळी दुपार डोकं हलवत बसली होती, मैत्रिणी तिला नंदीबैल म्हणत होत्या. आणि मग एका क्षणी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली. तिने डोकं हलवलं तरी ती बरोबर हलली, वेगळी झाली नाहीत. रिकाम्या हवेत एक ठिकाण होतं. तिथे काहीही नव्हतं आणि तरी ते ठिकाण पक्कं होतं, कुणी बघो न बघो. एकोणीस वर्षांची शैलजा तेव्हा बाकावरून उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली, कारण आत उभं राहणं तिला सोसेना. पुढे तिने ते शेकडो मुलांना करायला लावलं. बहुतेकांनी कोष्टक भरलं आणि घंटेची वाट बघितली. त्यात त्यांची काय चूक? चमत्काराचे दहा गुण असतात, असं त्यांना सांगितलेलं असतं. पण दर दोन-चार वर्षांनी एखादं मूल डोकं हलवता हलवता एकदम थांबायचं, आणि तिच्याकडे बघायचं, आणि ती त्याला काही विचारायची नाही. त्या मुलांसाठीच ती शिकवत आली, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रोहिणी त्यांतली नव्हती. रोहिणीला भिंगापेक्षा भिंगाच्या लाकडी चौकटीचा रंग जास्त आवडायचा.

मग सुट्टीच्या दिवसांची दुपार ही तिची आणि रोहिणीची झाली. सुधाकरला तिने सांगितलं होतं की पुस्तिकेचं काम मसाटला चालतं, आणि ते खोटं नव्हतंच. लोलक झाला, स्प्रिंगला टांगलेलं वजन झालं, मीटरभर तारेचं विद्युतमंडल झालं. एक टाचणी काढली की पन्नास टाचण्या आयत्या. होकायंत्र एकदा काढलं आणि चुंबकाभोवती सगळीकडे ठेवत गेली, प्रत्येकाची सुई थोडी थोडी वळवत गेली तेव्हा पडद्यावर बघता बघता चुंबकाचं क्षेत्र उगवलं, आणि रोहिणी, जी आतापर्यंत फक्त बटणं सांगत होती, म्हणाली, "अरे, हे तर कमळासारखं होतंय." शैलजाने तिला सांगितलं की हे आपण काढलेलं नाही, ते तिथे असतंच, लोखंडाचा कीस टाकला की दिसतं. रोहिणी म्हणाली, "शाळेत दाखवलं होतं तुम्ही. मी कीसच नाकात घातला होता." दोघी हसल्या. बाईंच्या बोटांना बटणं पाठ झाली. हात हलायचा, बाण हलायचा, पण रेघ हलत नव्हती, आणि हळूहळू शैलजाला आपला हात हलतो हे आठवेनासं झालं. तिला वाटलं, सुटले. एवढंच होतं तर. हाताचं काम हाताकडून काढून घेतलं आणि काही म्हणजे काही बिघडलं नाही. कधी कधी मात्र रिक्षात बसल्यावर छातीत बारीकशी टोचणी लागायची, घरात काहीतरी चालू ठेवून बाहेर पडल्यासारखी. गॅस बंद केला होता ना? नळ? मग ती मनातल्या मनात सगळ्या आकृत्या तपासायची आणि सगळ्या बरोबर असायच्या.

आकृत्यांची कच्ची छपाई नारायणसरांच्या टेबलावरून तिच्याकडे आली तेव्हा मधली सुट्टी होती. वर सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'अप्रतिम. जसंच्या तसं छापावं.' अलकानेही बघून कोपऱ्यात सही केली होती. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले होते, कुणीतरी लोणचं पुढे करत होतं, आणि शैलजा पानं उलटत होती. काचेच्या चिपेतून प्रकाशाचं अपवर्तन. आयत, त्याच्या वरच्या कडेला उभी तुटक स्तंभिका, चार टाचण्या, कोनांची नावं, बाण. तिने पान उलटलं आणि पुन्हा मागे आणलं. किरण वरून तिरपा येत होता, काचेत शिरत होता, आणि तसाच, त्याच तिरक्या सरळ रेघेत, खालून बाहेर जात होता. वळत नव्हता. काच तिथे नसल्यासारखा तो गेला होता. ज्या प्रयोगाचा सगळा जीव त्या वळण्यात आहे त्यात तिने किरण सरळ काढला होता. सातवीतलं पोर हे करणार नाही. लोणचं पुढे केलेला हात तिच्यासमोर तसाच थांबला होता. तिने नको म्हणून मान हलवली, पानं पिशवीत घातली आणि प्रयोगशाळेत जाऊन दार लावून बसली.

पहिल्यांदा लाज वाटली. मग संताप, रोहिणी, अलका, नारायणसर, तिघांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि देखणेपणापुढे कुणाला दिसलं नाही म्हणून. मग या दोन्हींच्या खालून हळूहळू दुसरंच काही वर आलं. हे झालं कसं? तिला नियम येत होता, झोपेतून उठवलं तरी आला असता. पण ती आकृती काढताना तिने नियम कधी आठवलाच नव्हता. बावीस वर्षांत एकदाही नाही. खडू वरून यायचा, काचेच्या कडेला टेकायचा आणि मनगट स्वतःहून वळायचं, जेवढं वळायला हवं तेवढं, आणि खालच्या कडेला पुन्हा उलटं वळायचं. ती तेव्हा वर्गाशी बोलत असायची. मुलांना ती दमणगंगेचं सांगायची: वाळूत पाय झपाझप पडतात, पाण्यात जड होतात, म्हणून पलीकडे लवकर पोचायचं असेल तर शहाणा माणूस पाण्यातली वाट आखूड करतो, प्रकाशही काचेत तेच करतो. एकदा एका मुलाने विचारलं होतं, "बाई, पण प्रकाशाला आधीच कसं कळतं?" आणि तिने म्हटलं होतं, "ते परीक्षेला नाही." त्याला उत्तर तिच्याकडे नव्हतं, कुणाकडे आहे? पण तो प्रश्न विचारला जात असताना तिच्या पाठीमागे, तिच्याच खांद्याखाली, एक मनगट न विचारता न चुकता वळत होतं. प्रकाशाला कसं कळतं ते राहू दे, मनगटाला कसं कळत होतं? पडद्यावरच्या रेघेने तिच्याकडून दोन टोकं मागितली, तिने दोन टोकं दिली. मधल्या काचेबद्दल कुणी विचारलं नाही. विचारणारा जो होता त्याला तिने महिनाभर कामावरून काढून टाकलं होतं. तिने उजवा हात समोरच्या बाकावर ठेवला. तो थरथरत होता. तिला त्याची एवढी ओळख कधीच वाटली नव्हती, आणि एवढं परकेपणही.

दुरुस्ती सोपी होती. आपाती कोन तीस, काचेचा अपवर्तनांक दीड, कोष्टकात बघायचं आणि पडद्यावर आकडा टाकायचा. पाच मिनिटांचं काम. सुट्टीच्या दिवशी ती मसाटला पोचली तेव्हा तो आकडा तिच्या डोक्यात तयार होता. रोहिणीने फाईल उघडली आणि चुकीचा किरण खोडून टाकला. "सांगा बाई, कितीवर वळवायचा?" शैलजाने माऊस स्वतःकडे ओढला. म्हणाली, "हातानेच काढू का?" रोहिणीने तिच्याकडे बघितलं. "हातानं काढलं तर नोड लई येतात, बाई. साफ नाही येत. कंट्रोल धरा ना." शैलजा म्हणाली, "साफ नंतर करू. आधी बघू तरी दे." आता तिला आकृतीची पडली नव्हती. ते मनगट अजून जिवंत आहे की हातासोबत तेही गेलं, एवढंच तिला बघायचं होतं, आणि गेलं असेल तर ते आजच कळलेलं बरं होतं. तिने डावा हात मांडीवर ठेवला. तीसचा आकडा, कोष्टक, सगळं मनातून काढायचा प्रयत्न केला आणि ते काही निघेना, तेव्हा तिने रोहिणीला म्हटलं, "तू काहीतरी बोल." "काय बोलू?" "काहीही. घरचं सांग." रोहिणी सांगू लागली की गलोंड्याला नवी कंपनी येतेय, बाबा म्हणतात तिथं जाऊ, आई म्हणते आता गावालाच जाऊ, "आणि मी म्हणते तुम्ही दोघं जा, मी तर नाही येणार, माझा मोर इथंच आहे..." शैलजा हसली आणि तिने बटण दाबून धरलं आणि हात खाली आणला.

बाण थरथरत आला. काचेच्या कडेला पोचला, आणि वळला. तिने वळवला नाही. तो वळला, काचेतून खाली गेला, खालच्या कडेला परत वळून बाहेर पडला, आणि बाहेर पडताना पहिल्या वाटेला समांतर झाला. तिने बटण सोडलं. पडद्यावर करवतीच्या पात्यासारखी एक रेघ होती. रोहिणीने सवयीने भिंगाचं बटण दाबलं आणि रेघ मोठी केली, आणि तिच्यावरचे सगळे बारीक चौकोनी ठिपके, ज्यांना ती नोड म्हणत होती, दिसू लागले. "बघा, किती आलेत," ती म्हणाली आणि खोडायला लागली. "थांब," शैलजा म्हणाली. "जरा थांब." ती पडद्याजवळ वाकली. दात वेडेवाकडे असतील अशी तिची समजूत होती. ते तसे नव्हते. उंची थोडी कमीजास्त, पण एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचं अंतर जवळजवळ सारखं, पुन्हा सारखं, पुन्हा सारखं. लाट होती ती. वहीत काढतात तशी, स्प्रिंगला टांगलेलं वजन काढतं तशी. ज्याला ती दिवाळीपासून कपात, निऱ्यांत, जड पिशवीत लपवत होती त्यालाही एक आवर्तकाल होता. तेही काही नियमाने चाललं होतं. तिच्या विरुद्ध नव्हे, तिच्या बाजूने नव्हे, तिला न विचारता, जसा लोलक कुणाला विचारत नाही. आणि त्या नियमाच्या वर बसून दुसरा एक नियम, प्रकाशाचा, काचेच्या कडेला बरोबर वळला होता. दोघांनी एकमेकांना धक्काही लावला नव्हता. शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. रोहिणी घाबरली. "बाई, बरं नाही वाटत का? एसी कमी करू?" शैलजा म्हणाली, "नको. आता साफ कर. पण हे चार ठेव." तिने बोटाने दाखवले: जिथून किरण निघाला, जिथे काचेत शिरला, जिथे बाहेर पडला, जिथे संपला. रोहिणी एकेक ठिपका खोडत गेली आणि प्रत्येक ठिपक्यासरशी रेघेची एक सुरकुती जात गेली. शेवटी चार उरले. शैलजाने पर्समधून कोनमापक काढून पडद्याच्या काचेवर लावला. नियमाचा आकडा आणि मनगटाचा आकडा यांत केसाएवढा फरक होता. तो तिने तसाच ठेवला. रोहिणीने फाईल साठवली आणि म्हणाली, "खरंच, बाई, हे वळण कसं काढलं तुम्ही? न बघता?" शैलजाला खरं उत्तर द्यायचं होतं. "मी नाही काढलं," ती म्हणाली, आणि रोहिणीला ते विनयाचं बोलणं वाटलं.

घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. सुधाकर मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, पेपर मांडीवर, वाचून झालेला. ती त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली. पर्स खाली ठेवली. काय बोलायचं ते तिने रिक्षात तयार केलं होतं, पण तोंडाशी आलं ते वेगळंच. "अहो, हात पुढे करा," ती म्हणाली. त्याने केला. तिने आपला उजवा हात त्याच्या तळव्यावर ठेवला आणि आवरून धरला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने तो कशाला टेकवला नाही, कशात लपवला नाही. हात चालू लागला. नादकाटा वाजवून टेबलाला टेकवला की सगळं टेबल गुणगुणतं, तशी त्याच्या बोटांपर्यंत ती हालचाल गेलेली तिला दिसली. "बघा," ती म्हणाली, "किती नियमित आहे." तिच्या आवाजात रडणं नव्हतं, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. सुधाकरने दुसरा हात वरून ठेवला, आणि दोन हातांच्या मधेही ते चालूच राहिलं. मग तो म्हणाला, "कुंकू रेखायचं सोडून टिकली लावायला लागलीस ना, तेव्हापासून वाट बघतोय. कधी सांगतेस म्हणून." शैलजाने त्याच्याकडे पाहिलं. रोज सकाळी आरशासमोर ती एकटीच असते, असं तिला इतके दिवस वाटत होतं.